वसुलीदाराचा नातू रोमच्या गादीवर

रोमन उमरावांच्या अंत्ययात्रेत एक नट असायचा. मृताचा मुखवटा चढवून, त्याच्या लकबी उचलून तो मिरवणुकीतून चालायचा. इ.स. ७९ मध्ये सम्राट व्हेस्पाशियनची अंत्ययात्रा निघाली तेव्हा हे काम फेव्हर नावाच्या नटाकडे होतं. त्यानं मध्येच थांबून कारभाऱ्यांना विचारलं, या सगळ्या थाटाला खर्च किती आला? उत्तर आलं, एक कोटी सेस्टर्स. त्यावर हा मुखवट्यातला सम्राट म्हणाला, मला एक लाख रोख द्या आणि खुशाल टायबर नदीत फेकून द्या.

हा विनोद रोममध्ये कुणाला समजावून सांगावा लागला नाही. व्हेस्पाशियनची काटकसर, किंवा सरळ सांगायचं तर चिकटपणा, जगजाहीर होता. पण मला नवल वाटतं ते सम्राटाची अशी थट्टा भर रस्त्यात होऊ शकली याचं. बारा-तेरा वर्षांपूर्वी याच साम्राज्यात सम्राट नीरोचं गाणं चालू असताना एका सेनानीला डुलकी लागली, तेव्हा त्याला दरबाराचे दरवाजे बंद झाले होते. तो डुलक्या घेणारा सेनानी म्हणजेच हा व्हेस्पाशियन.

त्यानं स्थापन केलेलं फ्लेव्हियन घराणं इ.स. ६९ ते ९६ अशी सत्तावीस वर्षं टिकलं. बाप आणि दोन मुलगे, टायटस आणि डोमिशियन, एवढेच त्याचे सम्राट. त्याआधी ऑगस्टसच्या घराण्यानं जवळजवळ शंभर वर्षं राज्य केलं होतं, आणि नंतर ट्रेजन, हेड्रियन, मार्कस ऑरेलियस यांचा लांबलचक काळ आला. या दोन मोठ्या कालखंडांमधल्या पट्टीत बसवलेलं हे घराणं म्हणून त्याच्याकडे सहज दुर्लक्ष होतं. ते करू नये. रोमन सत्ता नेमकी कशावर उभी होती, हे या घराण्याइतकं उघडं दुसरीकडे कुठे दिसत नाही. यांच्याकडे मिरवायला वंश नव्हता, त्यामुळे राज्य करण्याचा हक्क रोज नव्यानं कमवावा लागत होता. बापाला हे पक्कं ठाऊक होतं. धाकट्या मुलाला ते ठाऊक असूनही मान्य नव्हतं.

व्हेस्पाशियनचा जन्म इ.स. ९ चा, रोमच्या ईशान्येला असलेल्या सबाइन डोंगराळ मुलखातल्या एका खेड्यातला. त्याचा आजा पॉम्पीच्या सैन्यात होता. फार्सालसच्या लढाईत सीझरनं पॉम्पीचा पराभव केल्यावर तो रणांगणातून निघाला तो थेट घरी आला, आणि पुढे लिलावातल्या रकमांची वसुली करून त्यानं पोट भरलं. बाप आशियात, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, जकात वसूल करायचा. तिथल्या गावांनी हा वसुलीदार प्रामाणिक होता म्हणून त्याचे पुतळे उभारले, असं चरित्रकार स्यूटोनियस नोंदवतो. पुढे हा बाप आजच्या स्वित्झर्लंडच्या भागात सावकारी करता करता वारला. व्हेस्पाशियन सम्राट झाल्यावर काही खुशमस्कऱ्यांनी त्याची वंशावळ थेट हर्क्युलिसच्या एका सोबत्यापर्यंत नेऊन भिडवली. सम्राट पोट धरून हसला.

त्याची स्वतःची कारकीर्दही सरळ चढत गेली नाही. इ.स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसनं ब्रिटनवर स्वारी केली, तेव्हा एका लीजनचा म्हणजे सुमारे पाच हजारांच्या पलटणीचा तो सेनापती होता. तिथे त्यानं नाव कमावलं, आजचं आइल ऑफ वाइट बेट जिंकून घेतलं. इ.स. ५१ मध्ये कॉन्सल या मानाच्या सर्वोच्च पदावर पोचला. नंतर आफ्रिका प्रांताचा सुभेदार म्हणून गेला, तिथे चिडलेल्या जमावानं त्याच्यावर सलगमाचे कंद फेकले. परत आला तो कफल्लक होऊन. त्या काळात सुभेदारी करून कफल्लक परतणं हा प्रामाणिकपणाचा बऱ्यापैकी पुरावा मानायला हरकत नाही. मालमत्ता थोरल्या भावाकडे गहाण टाकून त्यानं खेचरांचा व्यापार सुरू केला आणि लोक त्याला 'खेचरवाला' म्हणू लागले. ज्यूडियातलं, म्हणजे जेरुसलेमच्या परिसरातल्या यहुद्यांचं, बंड मोडायला नीरोनं त्याला पाठवलं त्यामागे हिशेब होता. माणूस कर्तबगार, पण कुळ इतकं साधं की त्याच्या हाती मोठं सैन्य दिलं तरी गादीला धोका नाही.

हा हिशेब नीरोच्या हयातीपुरता बरोबर ठरला. जून ६८ मध्ये नीरोनं आत्महत्या केली आणि ऑगस्टसचा वंश संपला. मग गाल्बा, ओथो, व्हिटेलियस असे एकामागून एक सेनानी गादीवर आले. गाल्बाचा भर फोरममध्ये खून झाला, ओथोनं पराभवानंतर खंजीर खुपसून घेतला. सम्राट रोमबाहेरही घडवता येतो, हे साम्राज्याचं गुपित या वर्षात फुटलं, असं इतिहासकार टॅसिटसचं निदान आहे. १ जुलै ६९ रोजी अलेक्झांड्रियात इजिप्तच्या सुभेदारानं आपल्या पलटणींना व्हेस्पाशियनच्या नावे शपथ दिली. हा सुभेदार टायबेरियस ज्युलियस अलेक्झांडर जन्मानं यहुदी होता. इजिप्त हातात म्हणजे रोमला जाणाऱ्या धान्याच्या गलबतांचा दोर हातात. व्हेस्पाशियन पूर्वेतच थांबला आणि लढाई इतरांना लढू दिली. त्याच्या बाजूच्या फौजांनी ऑक्टोबरमध्ये क्रेमोनाजवळ व्हिटेलियसचा पराभव केला आणि मग क्रेमोना शहर लुटून जाळलं.

डिसेंबरात खुद्द रोममध्ये रस्त्यारस्त्यांवर लढाई झाली. व्हेस्पाशियनचा थोरला भाऊ सबायनस शहराचा प्रमुख अधिकारी होता. तो कॅपिटॉल टेकडीवर अडकला, ज्युपिटरचं देऊळ पेटलं, सबायनस पकडला जाऊन मारला गेला. त्याच्याबरोबर अठरा वर्षांचा डोमिशियन होता. देवळाच्या सेवकाच्या घरात तो रात्रभर लपला आणि सकाळी आयसिस देवीच्या भक्तांच्या घोळक्यात त्यांच्यासारखाच वेष करून निसटला. वडील आणि थोरला भाऊ दूर पूर्वेला सैन्याच्या गराड्यात सुरक्षित असताना, घराण्याच्या विजयाची किंमत अंगावर झेलली ती या पोरानं. पुढच्या डोमिशियनचा विचार करताना ही रात्र विसरू नये.

व्हेस्पाशियननं मग जे केलं ते मला त्याच्या लढायांपेक्षा मोठं वाटतं. ज्याच्याकडे पूर्वज नाहीत त्यानं कागद गोळा केले. कॅपिटॉलवरच्या आगीत सुमारे तीन हजार कांस्यपट वितळले होते. कायदे, तह, सिनेटचे ठराव त्यांवर कोरलेले. साम्राज्यभरातून त्यांच्या नकला शोधून त्यानं ते पुन्हा कोरून घेतले. देवळाच्या पुनर्बांधणीला ढिगारा उपसायचा होता, तेव्हा पहिली पाटी त्यानं स्वतःच्या खांद्यावर वाहून नेली. त्याच्या अधिकारांचा कायदासुद्धा कांस्यपटावर कोरला गेला. त्याचा एक तुकडा चौदाव्या शतकात रोमचा लोकनेता कोला दि रिएंझो यानं पुन्हा लोकांपुढे आणला. आज तो कॅपिटॉल टेकडीवरच्या संग्रहालयात आहे. राज्याच्या हिताचं वाटेल ते करण्याची मुभा सम्राटाला आहे, असं त्यात कलमाकलमानं लिहिलंय. पायंडा म्हणून ऑगस्टस, टायबेरियस आणि क्लॉडियस यांची नावं दिली आहेत. कॅलिग्युला आणि नीरो गाळले आहेत. ऑगस्टसला जे संकोचानं, आडून आडून घ्यावं लागलं होतं, ते वसुलीदाराच्या नातवानं दस्तऐवज करून घेतलं.

खजिन्यात खडखडाट होता. सगळं सावरायला किती लागतील याचा त्यानं सांगितलेला आकडा हस्तलिखितांत ४,००० कोटी सेस्टर्स असा आहे. तो इतका अफाट आहे की अनेक अभ्यासकांना नक्कल करणाऱ्याची चूक वाटते. त्यानं जुने कर पुन्हा बसवले, काही प्रांतांचा सारा दुप्पट केला, आणि मूत्रावरचा तो प्रसिद्ध कर लावला. लोकर आणि कपडे स्वच्छ करणाऱ्यांना साठवलेलं मूत्र लागायचं, कारण त्यातला अमोनिया मळ आणि तेलकटपणा काढतो. सार्वजनिक जागी जमा होणारं मूत्र हा त्यामुळे कच्चा माल होता आणि कच्च्या मालावर कर, एवढीच ती गोष्ट. टायटसला ते किळसवाणं वाटलं. बापानं पहिल्या वसुलीतलं नाणं त्याच्या नाकाशी धरून विचारलं, वास येतोय का? नाही म्हटल्यावर म्हणाला, पण आलंय मात्र मुतातूनच.

हा नुसता कंजूष माणूस नव्हता. लॅटिन आणि ग्रीक वक्तृत्वाच्या शिक्षकांना सरकारी खजिन्यातून वर्षाला एक लाख सेस्टर्स देण्याची प्रथा त्यानं सुरू केली. क्विंटिलियन त्यातला पहिला मोठा मानकरी. मोठमोठे खांब कमी खर्चात टेकडीवर चढवणारं यंत्र एका कारागिरानं दाखवलं तेव्हा त्याला बक्षीस दिलं, पण यंत्र वापरायला नकार दिला: माझ्या गरिबांना पोटाला मिळू दे. त्याच वेळी राजेशाहीविरोधी सिनेटर हेल्व्हिडियस प्रिस्कस यानं उघड उपमर्द चालू ठेवला, तेव्हा त्याला आधी हद्दपार केलं आणि मग मारलं. थट्टा चालायची, हक्काला आव्हान चालायचं नाही.

आता पैशाची दुसरी बाजू, आणि ती काळीकुट्ट आहे. इ.स. ७० च्या उन्हाळ्यात टायटसनं चार लीजन घेऊन जेरुसलेमचा वेढा पुरा केला. शहर उपासमारीनं मोडलं, मंदिर जळालं. युद्धात ९७,००० कैदी झाले, असं जोसेफस सांगतो. जोसेफसची गोष्टही विलक्षण आहे. तो यहुदी बाजूचा सेनानी. इ.स. ६७ मध्ये पकडला गेला आणि व्हेस्पाशियनला म्हणाला की तू सम्राट होणार. भविष्य खरं ठरल्यावर सुटका झाली, फ्लेव्हियस हे नाव मिळालं, रोममध्ये व्हेस्पाशियनच्याच जुन्या घरात राहायला जागा मिळाली, तनखा मिळाला, आणि तिथे बसून त्यानं आपल्या लोकांच्या विनाशाचा इतिहास लिहिला. त्या युद्धाविषयी आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बहुतेक सगळं या एका उपकृत माणसाकडून आलेलं आहे.

ज्या घराण्याला पूर्वजांचे विजय नव्हते त्यानं हा एक विजय पुरवून पुरवून वापरला. इ.स. ७१ मध्ये बापलेकांची विजययात्रा निघाली. मंदिरातला सात फाट्यांचा सोन्याचा दीपवृक्ष तीत मिरवला गेला. टायटसच्या कमानीवर आजही तो कोरलेला दिसतो. ज्यूडिया जिंकल्याची नाणी वर्षानुवर्षं पाडली गेली. साम्राज्यभरचे यहुदी पुरुष जेरुसलेमच्या मंदिरासाठी वर्षाला दोन ड्राक्मा पाठवत असत. आता तीच रक्कम कॅपिटॉलवरच्या ज्युपिटरसाठी सक्तीनं वसूल होऊ लागली आणि तीत बायका-मुलंही आली. उद्ध्वस्त मंदिराची वर्गणी जेत्याच्या देवळाकडे वळवणं ही हिशेबी डोक्यातून निघालेली क्रूरता आहे. घराण्याच्या रक्तातली वसुली इथे अशी उतरली.

कोलोसियम याच लुटीतून उभं राहिलं. युद्धातल्या लुटीच्या पैशातून सम्राटानं हे नवं रंगमंडळ बांधवलं, असा मूळ शिलालेख होता, हे एका दगडावर उरलेल्या खिळ्यांच्या भोकांवरून अभ्यासकांनी गेल्या शतकाच्या अखेरीस जुळवून दाखवलं. जागेची निवड त्याहून चतुर. इ.स. ६४ मधल्या रोमच्या आगीनंतर नीरोनं शहराच्या मधोमध आपला सोनेरी महाल पसरवला होता आणि त्याच्या आवारात तलाव खोदला होता. तो तलाव आटवून तिथेच हजारोंच्या करमणुकीची वास्तू बांधली. एका सम्राटानं बळकावलेली जमीन दुसऱ्यानं जनतेला परत केली, असं रोज येता-जाता दिसावं. तळमजल्यावर ऐंशी कमानी, त्यातल्या बहुतेकांवर प्रवेशाचे आकडे कोरलेले, त्यामुळे सुमारे पन्नास हजारांची गर्दी फारसा गोंधळ न होता आत-बाहेर करू शकायची.

ते पुरं झालेलं व्हेस्पाशियननं पाहिलं नाही. जून ७९ मध्ये पोटाच्या विकारानं तो गेला. मेल्यावर सम्राटांना देव करण्याच्या प्रथेवर त्यानं शेवटच्या आजारात कोटी केली: अरेरे, मी देव व्हायला लागलोय वाटतं. मरताना उठून उभं राहायचा प्रयत्न केला, सम्राटानं उभ्यानं मरावं म्हणाला.

टायटसविषयी थोडक्यात सांगतो. गादीवर येण्याआधी रोमला त्याची धास्ती होती. अंगरक्षक दलाचा प्रमुख म्हणून त्यानं बापाच्या विरोधकांचा काटा निर्दयपणे काढला होता. गादीवर आल्यावर तो एकदम लाडका झाला. एकाही सिनेटरला मारलं नाही, चहाडखोरांना फटके मारून हाकललं, प्रिय यहुदी राणी बेरेनिसला लोकांच्या नाराजीमुळे परत पाठवलं. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला, ८० मध्ये रोम तीन दिवस जळलं, रोगराई आली. त्यानं मदतीला हात आखडता घेतला नाही. कोलोसियमचं उद्घाटन शंभर दिवस चाललं. सप्टेंबर ८१ मध्ये एकेचाळिसाव्या वर्षी तापानं गेला. जेमतेम सव्वादोन वर्षांत कुणाचीही कीर्ती फारशी डागाळत नाही. डायो कॅसियस या इतिहासकारानंही तशी शंका घेतली आहे.

व्हेसुव्हियसनं घेतलेल्या बळींमध्ये थोरला प्लिनी होता. मिसेनमच्या आरमाराचा हा प्रमुख लोकांना वाचवायला गेला आणि किनाऱ्यावरच मेला. दोनच वर्षांपूर्वी त्यानं आपला निसर्गविषयक ज्ञानकोश टायटसला अर्पण केला होता. त्यात एक तक्रार आहे: हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्यातले पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो आणि बदल्यात जो माल पाठवतो तो इथे शंभरपट किमतीला विकला जातो. हा व्यापार मोसमी वाऱ्यांवर चालायचा. त्याच शतकातल्या एका ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत पश्चिम किनाऱ्यावरचं सोपारा, कल्याण आणि चौल येतं, पैठण आणि तेरहून गाड्यांनी भडोचला जाणारा माल येतो, आणि दक्षिणेकडची मिऱ्याची बंदरं येतात. मिऱ्याला रोममध्ये इतकी मागणी होती की डोमिशियननं फोरमजवळ मसाल्याची खास कोठारं बांधली. पुढे त्या जागेवर मॅक्सेंटियसची भव्य बॅसिलिका आली.

डोमिशियनकडे वळलं की एक अडचण येते. त्याची गोष्ट सांगणारे सगळे त्याचे वैरी आहेत, आणि त्यातले बरेचसे त्याच्याच राज्यात मोठे झालेले. टॅसिटस इ.स. ८८ मध्ये त्याच्या कृपेनं प्रीटर या न्यायाधिकाऱ्याच्या पदावर होता, थोरल्या प्लिनीचा भाचा धाकटा प्लिनीही त्याच्याच काळात पायऱ्या चढला. तो मेल्यावर दोघांना आपण मनातून किती विरोधात होतो याची आठवण झाली. टॅसिटसचे सासरे अ‍ॅग्रिकोला ब्रिटनमधून परत बोलावले गेले हा सल तर आयुष्यभराचा.

वैऱ्यांच्याच लेखणीतून सुटलेले तपशील पाहा. शहरातले न्यायाधीश आणि प्रांतांतले सुभेदार त्याच्या काळाइतके सचोटीचे कधीच नव्हते, असं स्यूटोनियस कबूल करतो. त्यानं देनारियस नाण्यातली चांदी वाढवून जवळजवळ शुद्ध केली. दोन-तीन वर्षांत थोडी कमी करावी लागली तरी ती बापाच्या आणि भावाच्या नाण्याहून चोख राहिली. सैनिकांचा वार्षिक पगार २२५ देनारियसवरून ३०० केला. जर्मन सरहद्द पक्की केली. डेशियाच्या डेसेबालस राजाशी लढाई चिघळली, एक सेनापती फौजेसह कापला गेला, मग पैसे आणि कारागीर देऊन त्यानं तह केला. तहाला नंतर नामुष्की म्हटलं गेलं, पण ८९ च्या जानेवारीत र्‍हाइन नदीवर सॅटर्नायनसचं बंड झालं होतं आणि दोन आघाड्या एकाच वेळी परवडत नव्हत्या. बापासारखाच हिशेब.

बापात आणि लेकात फरक अधिकारांचा नव्हता, शिष्टाचाराचा होता. व्हेस्पाशियनही हुकूमशहाच होता, पण सिनेटला आपण भागीदार आहोत असं वाटू द्यायचा. डोमिशियनला हे नाटक सहन होईना. तो तहहयात सेन्सर झाला, म्हणजे सिनेटमध्ये कोण राहील हे कायमचं त्याच्या हाती आलं. आपल्याला 'स्वामी आणि देव' म्हणवून घ्यायचा, असं स्यूटोनियस सांगतो. आगीत पुन्हा जळालेलं ज्युपिटरचं देऊळ त्यानं नव्यानं बांधलं, त्याच्या नुसत्या सोन्याच्या मुलाम्याला १२,००० टॅलेंटहून जास्त खर्च आला. बाप तिथेच पाटी वाहत होता.

डायो कॅसियसनं एक मेजवानी वर्णिली आहे. सिनेटर रात्री आले तर दालनाच्या भिंती, छत, जमीन सगळं काळं. प्रत्येकाच्या जागेशेजारी त्याचं नाव लिहिलेला थडग्याच्या आकाराचा दगड आणि थडग्यावर लावतात तसा दिवा. काळे रंगवलेले पोरगे नाचले, श्राद्धाला वापरतात तशी भांडी आली. कुणी बोलेना, एकटा सम्राट बोलत होता, तोही मरणाविषयीच. मग पाहुण्यांना अनोळखी नोकरांबरोबर घरी पाठवलं. प्रत्येकजण सुटकेचा श्वास टाकतो तोच दारावर थाप: सम्राटाकडून माणूस आलाय. आता संपलंच, असं वाटत असताना तो दगड आत आला, आणि तो चांदीचा होता. मागोमाग भांडी, आणि न्हाऊमाखू घातलेला तो पोरगा, सगळं भेट म्हणून. व्हेस्पाशियनच्या घरातली विनोदबुद्धी या मुलात उतरली होती, फक्त हसायचा अधिकार त्यानं एकट्याकडे ठेवला.

भीती दोन्हीकडे होती. ज्या ओसरीत तो फिरायचा तिथे त्यानं आरशासारखे चकाकणारे दगड बसवले, पाठीमागचं दिसावं म्हणून. इ.स. ९५ मध्ये त्यानं चुलतभाऊ फ्लेव्हियस क्लेमेन्सला मारलं. या क्लेमेन्सच्याच दोन मुलांना त्यानं वारस नेमून क्विंटिलियनकडे शिकायला ठेवलं होतं. स्वतःचा मुलगा लहानपणीच वारला होता, टायटसला फक्त मुलगी होती. क्लेमेन्सच्या मृत्यूनं घरातल्या नोकरचाकरांनाही कळलं की आता कुणीच सुरक्षित नाही.

१८ सप्टेंबर ९६ रोजी घात झाला तो घरातूनच. क्लेमेन्सच्या हद्दपार बायकोचा कारभारी स्टेफनस काही दिवस हाताला दुखापतीची पट्टी बांधून वावरत होता. त्या दिवशी, कटाची माहिती आहे, असं सांगून तो शयनगृहात शिरला, कागद पुढे केला आणि पट्टीतला खंजीर सम्राटाच्या जांघेत खुपसला. चव्वेचाळीस वर्षांचा डोमिशियन झुंजला. उशीखालचा खंजीर दे, असं तिथल्या पोऱ्याला ओरडला; पोऱ्याला नुसती मूठ सापडली.

सिनेटनं त्याच दिवशी म्हाताऱ्या नर्वाला सम्राट केलं, शिड्या मागवून सभागृहातल्या डोमिशियनच्या प्रतिमा खाली आपटल्या, आणि त्याचं नाव जिथे जिथे कोरलं असेल तिथून खरवडून टाकायचा ठराव केला. तिथेही काटकसर आडवी आली. रोममध्ये १९३० च्या दशकात कॅन्सेलेरिया वाड्याखाली सापडलेल्या एका संगमरवरी शिल्पपटात डोमिशियनचा चेहरा तासून त्याच दगडात नर्वाचा केलेला आहे. सैनिक मात्र ठराव मानायला तयार नव्हते, ते त्याला देव म्हणू लागले. पुढच्याच वर्षी अंगरक्षक दलानं नर्वाला वेढून खुन्यांना ताब्यात घेतलं आणि ठार केलं, आणि नर्वाला मुकाट्यानं ते मान्य करावं लागलं. धास्तावलेल्या नर्वानं मग ट्रेजनला दत्तक घेतलं. सॅटर्नायनसच्या बंडाच्या वेळी डोमिशियनच्या मदतीला स्पेनहून पलटण घेऊन धावलेला सेनानी तो हाच. इ.स. ११० च्या सुमारास धाकटा प्लिनी काळ्या समुद्राकाठच्या प्रांताचा सुभेदार होता. पायंड्याचा प्रश्न निघाला की तो सम्राटाला लिहून विचारायचा, आणि ट्रेजनच्या उत्तरांत डोमिशियनच्या पत्रांचे दाखले यायचे.